नेपाळला पैसे पाठवायची बँकेची सोय: पाचपैकी साडेतीन

हा अभिप्राय आंबा बागायतदारांसाठी आहे. ज्यांच्या होडीवर, हॉटेलच्या भटारखान्यात किंवा सोसायटीच्या गेटवर नेपाळी माणूस आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही. ‘इंडो-नेपाळ रेमिटन्स फॅसिलिटी’ नावाची एक सोय रिझर्व्ह बँकेने २००८ साली चालू केली. एनईएफटी असलेल्या भारतातल्या कुठल्याही शाखेतून नेपाळमधल्या माणसाला पैसे धाडता येतात. रत्नागिरी जिल्ह्यात दर हंगामाला हजारो नेपाळी येतात, आणि तरी आमच्या पंचक्रोशीत ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांनी या सोयीचं नावही ऐकलेलं नव्हतं. बँकेतल्या माणसांनीही नव्हतं, पण त्याकडे येतेच.

निकाल आधीच सांगून टाकते. सोय स्वस्त आहे, पैसे बुडत नाहीत, भाव पक्का आहे. कागद मात्र असे मागतात की जणू नेपाळी गडी कमरेला कोयत्याऐवजी फाईल अडकवूनच कलमावर चढतो.

आमची बाग पावसच्या अलीकडे आहे. दसैं-तिहार हे त्यांचे सण आटोपले की, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पुढेमागे, टोळी येते. गवत काढणं, पाचोळा ओढणं, मोहोर आल्यावर फवारण्या, मग वानरांची आणि चोरांची राखण, शेवटी झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने, काढणी आणि पेट्या भरणं. पावसाचे पहिले ढग दिसायला लागले की सगळे निघतात. टोळीच्या म्होरक्याला सगळी पोरं दाजू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतात, म्हणून आम्हीही दाजूच म्हणतो. तो मला भाभी म्हणतो. बोलणं हिंदीत, अधेमधे मराठी. शिव्या मात्र तो अस्सल रत्नागिरीच्या देतो, वानरांना.

दाजू थारू जमातीचा आहे, नेपाळच्या कैलाली जिल्ह्यातला. डोंगरातला नव्हे, तराईतला, भातशेतीचा माणूस. त्याचा बाप कमैया होता, म्हणजे जमीनदाराकडे कर्जापोटी बांधलेला गडी. नेपाळ सरकारने ती पद्धत २००० सालच्या जुलैत बंद केली. मुक्त झालेल्या कुटुंबांना पाच कठ्ठ्यांपर्यंत जमीन मिळाली. पाच कठ्ठे म्हणजे आपले सोळा-सतरा गुंठे. चार भावांत ते वाटले तर एकेकाच्या वाट्याला आमच्या मांगराभोवतीचं, म्हणजे बागेतल्या खोपटाभोवतीचं, अंगण येईल. मग माणूस बाहेर पडणारच. कतार किंवा मलेशियाला जायचं तर एजंटाला लाखांत द्यावे लागतात, त्यासाठी सावकाराचं कर्ज आणि वर त्याचं व्याज. कोकणात यायला फक्त भाडं लागतं. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे ना व्हिसा लागतो ना परवाना. सगळ्यात गरीब माणूस सगळ्यात जवळच्या परदेशात येतो, हे गणित इतकं साधं आहे.

पण परवाना लागत नाही याची दुसरी बाजू दाजूने मला सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आलेली नव्हती. आखातात जाणाऱ्या नेपाळ्याला त्याचं सरकार श्रमस्वीकृती, म्हणजे बाहेर काम करायची परवानगी, देतं. तिच्याबरोबर विमा येतो, कल्याण निधीत नाव लागतं, परदेशात काही बरंवाईट झालं तर घरच्यांना भरपाई मिळते. भारतात येणाऱ्याला श्रमस्वीकृतीच लागत नाही, त्यामुळे त्याला यातलं काहीच नाही. त्याच्या गावचा एक जण कतारला गेला तेव्हा साहेबाच्या टेबलावर त्याची फाईल होती. दाजू रत्नागिरीला आला तेव्हा कुठल्याच टेबलावर काही नव्हतं.

आता पैशाचं. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहेच. महिन्याचा पगार ठरतो, शिधा मालकाचा, मधे लागेल तशी उचल, आणि मे महिन्यात हिशेब. गडी सगळे पैसे एकदम घेतो आणि घेऊन जातो. आम्हीही बरीच वर्षं तसंच केलं. एकदम रक्कम मिळाली की घर बांधायला, कर्ज फेडायला उपयोगी पडते, असं तेही म्हणायचे. शिवाय गडी मधेच पळून जात नाही, हा आपला हिशेब. तो कुणी बोलून दाखवत नाही एवढंच.

हे पैसे जातात कसे ते ऐका. रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून दिल्ली. तिथून आनंद विहारला जाऊन बस, ती उत्तर प्रदेशातून गौरीफंट्याच्या नाक्यापर्यंत. नाका ओलांडला की धनगढी. एवढा सगळा प्रवास पैसे अंगावर ठेवून. नेपाळ सरकारने २०१८ च्या डिसेंबरात दोनशे, पाचशे आणि दोन हजारांच्या भारतीय नोटांवर बंदी घातली, तेव्हा चालायची ती शंभराची आणि त्याखालची. साठ हजार रुपये न्यायचे तर शंभराच्या सहाशे नोटा, म्हणजे सहा गड्ड्या. त्या कुठे लपवणार? तेव्हा मेच्या अखेरीस आमची पोरं रत्नागिरीच्या बाजारात दुकानादुकानांतून शंभराच्या नोटा गोळा करत फिरायची. त्याच्या दोन वर्षं आधी नोटबंदी झाली तेव्हा तर काही जणांच्या घरी डाळीच्या डब्यात जुन्या नोटा तशाच राहिल्या, कारण तिकडच्या खेड्यात त्या बदलून देणारं कुणी नव्हतं. गाडीत गुंगीची बिस्किटं देणारे वेगळे, नाक्यावर चहापाणी मागणारे वेगळे. आमच्या शेजारच्या बागेतला एक जण दिल्लीपर्यंत पोचला तो चप्पल आणि अंगातला सदरा एवढ्यावर. आठ महिन्यांची कमाई एका बिस्किटात गेली. तो घरी न जाता परत रत्नागिरीला आला आणि पावसाळाभर एका चिऱ्याच्या खाणीवर राबला.

हे ऐकल्यावर मी बँकेत गेले.

एका मोठ्या सरकारी बँकेची शाखा, नाव देत नाही. काउंटरवरच्या मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “असं काही नसतं मॅडम. फॉरेनला पाठवायचं तर मुंबईच्या ब्रँचला जावं लागेल.” मी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून छापून नेलेला कागद पुढे केला. ती उठून आत गेली. मग मॅनेजर, मग कुणाला तरी फोन, मग जेवणाची सुट्टी. दाजू माझ्याबरोबर होता, ठेवणीतला शर्ट घालून. बाहेरच्या बाकावर तो असा बसला होता, जणू त्याच्यावरच कसला तरी खटला आहे.

शेवटी फॉर्म मिळाला. दाजूने आपली नागरिकता काढली, म्हणजे तिकडचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. देवनागरीत छापलेलं, त्यामुळे वाचायला कुणाला काही अडचण नव्हती. अडचण जन्मसालाची निघाली. २०४१. क्लार्कने माझ्याकडे पाहिलं, दाजूकडे पाहिलं. “हे अजून जन्मायचेत का?” नेपाळात विक्रम संवत चालतो हे मी समजावलं. सत्तावन्न वजा करा, १९८४ येतं. पण संगणकाला कोण समजावणार, असा प्रश्न आला. प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला इंग्रजी मजकूर आहे आणि त्यात इसवी सन आहे, हे दाजूनेच हळूच दाखवलं. त्याने ते बहुधा याआधीही बऱ्याच टेबलांवर दाखवलेलं असणार.

नियम असे. खातं नसलेला माणूस रोख रक्कम भरून पाठवू शकतो, एका वेळी पन्नास हजारांपर्यंत आणि वर्षातून बारा वेळा. स्वतःचं खातं असेल तर १ ऑक्टोबर २०२१ पासून एका वेळची मर्यादा दोन लाख झाली आहे आणि बाराची अट त्यांना नाही. पैसे स्टेट बँकेमार्फत नेपाळ एसबीआय बँकेकडे जातात आणि समोरच्याला नेपाळी रुपयांत मिळतात. खातं त्याच बँकेत असेल तर थेट खात्यात. नसेल तर तिकडच्या प्रभू मनी ट्रान्सफरच्या काउंटरवरून ओळख दाखवून रोख घ्यायचे. भाव एकच: शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी. १९९३ पासून हा दर बदललेला नाही. भारतीय रुपयांना आयसी आणि नेपाळींना एनसी असं ते लोक म्हणतात, आणि आमच्या टोळीतलं अगदी पोरगंही तोंडी सोळाचा पाढा म्हणून हिशेब सांगतं. इतर देशांत पैसे पाठवताना भावात जी कात्री लागते ती इथे नाही, हा या सोयीचा सगळ्यात मोठा गुण.

दुसरा गुण म्हणजे खर्च. मूळ पत्रकाप्रमाणे तिकडचं खातं नेपाळ एसबीआयमध्ये असेल तर पंचवीस रुपये. नसेल तर त्यावर पाच हजारांपर्यंत आणखी पन्नास, त्याहून जास्त रकमेला पंचाहत्तर. म्हणजे बारा हजार पाठवले तर फार तर शंभर रुपये, आणि दाजूच्या बायकोच्या हातात एकोणीस हजार दोनशे. आता यातली गंमत. त्यांचं गाव लमकीच्या बाजूला. आम्ही आधी हुशारी करून धनगढीच्या शाखेत वहिनीचं खातं उघडायला सांगितलं, पंचाहत्तर रुपये वाचवायला. धनगढी बसने दोन-अडीच तास. जाण्यायेण्याचं भाडं, दिवसाची मजुरी बुडाली ती, आणि रांगेत उभं राहून पैसे काढून परतीच्या बसमध्ये पदराला गाठ मारून बसायचं. दोन वेळा गेल्यावर वहिनीने फोनवर दाजूला चांगलं झापलं. आता लमकी बाजारातल्या काउंटरवरून रोख घेते, पंचाहत्तर रुपये जास्त जाऊ देत म्हणते. बरोबर आहे तिचं. स्वस्त सोयीचा हिशेब करताना घेणाऱ्याच्या बसचं तिकीट धरायला कुणीतरी बसायला हवं होतं.

आता दीड गुण कुठे कापला ते.

थारूंमध्ये आडनाव बहुतेकांचं चौधरी. रोमन अक्षरांत ते तीन-चार तऱ्हांनी लिहिता येतं. वहिनीच्या नागरिकतेवर एक तऱ्हा, आमच्या शाखेत फॉर्मवरून संगणकात चढवताना दुसरी. पैसे तिकडे पोचले, नाव जुळेना, काउंटरवाल्याने दिले नाहीत, आणि पुढे ते परत आले. परत आले हे खरं, एक रुपया कमी नाही. पण परत यायला जितके दिवस लागले, ते दिवस साधे नव्हते. दाजूच्या आईला श्वास लागत होता. धनगढीच्या इस्पितळात नेलं, तिथून सांगितलं लखनौला न्या. पश्चिम नेपाळातली माणसं मोठ्या आजाराला काठमांडूपेक्षा लखनौ, बरेलीला जवळ समजतात, आणि नकाशा पाहिला तर आहेच जवळ. पैसे हवे होते शुक्रवारी. शाखेने सांगितलं, “रक्कम सिस्टीममध्ये आहे.” चौकशी कुणाकडे करायची तर उत्तर नाही, तक्रारीचा नंबर लागला की मला हिंदी-इंग्रजीतून क्रेडिट कार्ड हवं का विचारायचे. दाजू त्या दिवसांत मोहोरावर फवारणी करत होता. फोन पंपाच्या पट्ट्याला बांधलेला. वाजला की नळी तशीच टाकून धावायचा.

शेवटी वहिनीने गावातल्या साहूकडून पैसे उचलले. तिकडच्या व्याजाचा दर सांगितला तर आपले पतपेढीवाले साधू वाटतील. आणि पुढची मजा अशी की साहूने दिले नेपाळी रुपये, लखनौच्या इस्पितळाला हवे भारतीय. म्हणजे गौरीफंट्याला जाऊन ते बदलायचे, कट देऊन. इथे रत्नागिरीत आमच्या पेटीत भारतीय रुपये पडलेले, तिथे लखनौत भारतीय रुपयेच हवेत, आणि मधे दोन वेळा चलन बदलून, व्याज भरून ते पोचणार. म्हातारी वाचली, अजून आहे. कर्ज फिटायला मात्र पुढचा अख्खा हंगाम गेला.

यात सोयीचा दोष किती आणि एका शाखेचा किती, यावर वाद होऊ शकतो. माझं म्हणणं, ज्या सोयीचे मुख्य गिऱ्हाईक मजूर आहेत तिचा फॉर्म इंग्रजीत असावा आणि नाव रोमनमध्ये अक्षर न अक्षर जुळावं अशी अट असावी, तर दोष योजनेचाच. पाठवणारा देवनागरीत लिहितो, घेणारी देवनागरीत वाचते, क्लार्क देवनागरीत सही करतो. मधल्या यंत्रालाच तेवढी देवनागरी कळत नाही.

बाजारातल्या मोबाईलच्या दुकानांतही नेपाळला पैसे पाठवायचे फलक लागलेत. तिथेही आम्ही पाठवून पाहिलंय. दुकान रात्री दहापर्यंत उघडं, रविवारीही. मुलगा हिंदीत बोलतो, दाजूला खुर्ची देतो, पैसे त्याच दिवशी मिळाल्याचा फोन येतो. खर्च बँकेपेक्षा जास्त. पावती कधी मिळते कधी नाही, आणि एकदा तर पावतीवर पाठवणाऱ्याचं नाव भलतंच होतं. दुकानदार म्हणाला, “चलता है.” काही अडकलं तर कुणाकडे जाणार? म्हणून मी बँकेच्या बाजूने आहे. पण बागेतला माणूस दुकानाकडेच का वळतो हे कळायला फार डोकं लागत नाही. बँक उघडी असते तेव्हा तो झाडावर असतो.

२०२४ च्या मार्चपासून आपल्या पर्यटकांना नेपाळात दुकानातला क्यूआर स्कॅन करून यूपीआयने पैसे देता येतात. त्याआधी फेब्रुवारीत दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांनी फोनवरून थेट माणसाला पैसे पाठवता यावेत म्हणून करारही केला. आमचा पुतण्या काठमांडूत मोमो खाऊन फोनवरून पैसे देऊन आला आणि फोटो टाकले. दाजूने फोटो पाहिले, काही बोलला नाही. मग विचारलं, “भाभी, हमारा कब होगा?” पुतण्याकडे उत्तर नव्हतं.

सगळं घोडं खात्याशी येऊन अडतं. खातं असलं तर दोन लाखांची मर्यादा, बाराची अट नाही, रांग नाही. खात्यासाठी आधार असलं की सोपं. नेपाळी माणसाला आधार मिळतं, हे आपल्याकडे अनेकांना पटत नाही, पण मिळतं: मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेला असायला हवा. आमची टोळी ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मे राहते, दिवस भरतात. पण कागद कोणता? नेपाळी पासपोर्ट चालतो. पासपोर्ट नसेल तर नागरिकता आणि त्यासोबत त्यांच्या दूतावासाने दिलेलं ओळखपत्र. दूतावास दिल्लीत. आता दाजूने रत्नागिरीहून दिल्लीला जाऊन ओळखपत्र आणायचं, मग आधार काढायचं, मग खातं उघडायचं, मग त्यातून बारा हजार पाठवायचे. तरुण पोरांकडे पासपोर्ट असतात, कारण प्रत्येकाच्या मनात मलेशिया असतो. त्यांची आधार निघाली, खाती उघडली. दाजूच्या वयाचे मागे राहिले.

खातं नसणं किती महाग पडतं ते आजारपणात कळतं. मागे टोळीतल्या एकाला खोकला सुरू झाला, संक्रांतीनंतर. फवारणीचा असेल म्हणून त्याने अंगावर काढला. तोंडाला रुमाल बांधून फवारतात, मास्क आणून दिले तर उकडतं म्हणून गळ्यात लटकवतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासली, क्षय निघाला. औषधं फुकट मिळाली, कुणी कुठला आहेस विचारून हाकललं नाही, हे मुद्दाम सांगते. क्षयाच्या रुग्णाला खुराकासाठी सरकार महिन्याला पैसे देतं, आधी पाचशे होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार. पण ते थेट बँक खात्यात. याचं खातं नाही. आरोग्यसेविका बिचारी रोज विचारायची, “खातं झालं का रे?” आणि उपचार सहा महिन्यांचे. फेब्रुवारीत सुरू केलेले ऑगस्टला संपणार, टोळी मेअखेरीला निघणार. डॉक्टरांनी गोळ्या आणि चिठ्ठी दिली, तिकडच्या केंद्रात दाखव म्हणाले. औषधं तिकडेही फुकटच आहेत. मधल्या रेल्वेच्या आणि बसच्या प्रवासात ती चिठ्ठी टिकली, एवढंच नशीब.

दुसरा काढणीच्या दिवसांत फांदी मोडून खाली आला. मांडीचं हाड. महात्मा फुले योजनेला राज्याचा रहिवासी असल्याचा कागद लागतो, तो कुठून आणायचा? खर्च आम्ही केला. मालकाने उपकार केले असं कुणी म्हणू नये, आमच्या झाडावरून पडला होता. पण सगळे मालक करत नाहीत आणि पुष्कळ ठिकाणी तो खर्च उचल म्हणून हिशेबात वळता होतो. मे महिन्यात गडी लंगडत निघतो आणि हातात काही नसतं. आणि फुरसं चावणं तर आपल्या कातळावर नेहमीचंच. त्यावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात असतं, वेळेत पोचला तर.

या सगळ्यात एक गोष्ट मला राहून राहून विचित्र वाटते. नेपाळ सरकारचा आरोग्य विमा २०१६ साली पहिल्यांदा सुरू झाला तो कैलालीत, म्हणजे दाजूच्याच जिल्ह्यात. पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला साडेतीन हजार नेपाळी रुपये, म्हणजे आपले दोन हजार दोनशेच्या आतबाहेर, आणि लाखभर नेपाळी रुपयांपर्यंत उपचार. वहिनी तो हप्ता आम्ही पाठवलेल्या पैशातून भरते. विम्यात दाजूचंही नाव आहे. पण विमा चालतो तिकडच्या ठरवून दिलेल्या इस्पितळात, आणि दाजू वर्षातले सात-आठ महिने झाडावर चढलेला असतो पावसला. ज्याच्या कमाईतून हप्ता जातो त्याच्या हाडाला तो विमा लागू नाही.

म्हणून बँकेच्या सोयीइतकंच मला बागायतदारांना सांगायचंय. पैसे मेपर्यंत ठेवू नका. आम्ही आता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाठवतो, ज्याचा त्याने सांगितलेला आकडा. बारा वेळांची मर्यादा हंगामाला पुरून उरते. घरी हप्ता वेळेवर जातो, पोराची फी जाते, आजारपणात साहूच्या दारात जावं लागत नाही, निदान तेवढ्या लवकर नाही. शिवाय मे महिन्यात सहा गड्ड्या कमरेला बांधून कुणाला जावं लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांनी महिन्याच्या महिन्याला पाठवलं होतं त्यांच्या घरी चूल पेटत होती. नाका बंद, गाड्या बंद, सीमेवरच्या महाकाली नदीच्या पलीकडे जाता येईना म्हणून धारचुल्याला काही नेपाळ्यांनी नदीत उड्या टाकल्या, ते आपण बातम्यांत पाहिलं. आमची टोळी तेव्हा मांगरातच अडकली होती, आंबे काढत. पैसे मात्र गेले.

आणि गडी पळून जाईल ही भीती? आमच्याकडून महिन्याच्या महिन्याला पैसे घरी जायला लागल्यापासून कुणी मधेच गेलेलं नाही. उलट शेजारच्या बागेतले दोघे पुढच्या हंगामाला आमच्याकडे येतो म्हणाले, त्यावरून शेजाऱ्यांशी माझं बोलणं सध्या बंद आहे.

तर गुण. खर्च आणि भाव, पाचपैकी पाच. पैशाची सुरक्षितता, साडेचार. वेग, नाव जुळलं तर चार, नाही जुळलं तर विचारू नका. शाखेतली माहिती, एक, आणि तोही त्या मुलीने शेवटी मनापासून फॉर्म भरून दिला म्हणून. कागदपत्रांची अट, दीड. गोळाबेरीज मी साडेतीन धरली आहे. उगाच सरासरी काढत बसू नका, मनाने धरलेले आहेत.

जाणार असाल तर रिझर्व्ह बँकेचं पत्रक छापून बरोबर न्या. घेणाऱ्याच्या नागरिकतेच्या मागच्या बाजूचा फोटो फोनवर मागवा आणि त्यातलं रोमन स्पेलिंग जसंच्या तसं उतरवा, आपली अक्कल चालवू नका. पहिल्यांदा हजार-दोन हजारच पाठवून पाहा. ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे त्यांचं आधार हंगाम सुरू होतानाच काढायला लावा, मोहोर आल्यावर कुणाला वेळ नसतो. सोमवारी आणि पेन्शनच्या दिवसांत बँकेत जाऊ नका. आणि गड्याला एकट्याला पाठवू नका, बरोबर जा. खुर्ची दोघांना मिळते.